थोरल्याच्या नावावर

येत्या जूनपासून मी पुन्हा पगारी नोकरी धरते आहे. कडोदऱ्याकडच्या एका डाइंग मिलमध्ये हिशेबाचं काम आहे. आलेल्या ग्रेचे, म्हणजे कोऱ्या कापडाचे, ताके लॉटप्रमाणे उतरवून घ्यायचे, रंगून-छापून गेलेल्या मालाशी त्यांचा ताळा जमवायचा, शॉर्टेज काढायचं, जॉबवर्कची बिलं करायची. थोरल्याच्या जन्माआधी मी हेच काम करत होते. त्याला सेरेब्रल पाल्सी असल्याचं निदान झालं आणि ते सुटलं. आता तो सतरा वर्षांचा आहे.

नोकरीचं कळल्यावर बहुतेकांनी चांगलंच म्हटलं. दोघींचं बोलणं मात्र मनात रुतून बसलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढी वर्षं निभावलंस, आता कशाला त्याला टाकून जातेस?" आणि रविवारी माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्या आयांपैकी एक म्हणाली, "ताई, मग आमचं कोण बघणार?" दोघींनाही मी तिथल्या तिथे उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पुरतं खरं काय, ते स्वतःपाशी तपासल्याशिवाय कामाला जायचं नाही असं ठरवलं.

आमचं चलथाण म्हणजे साखर कारखाना, रेल्वे स्टेशन, आणि चहूकडे लूमखाती नि मिली. अमळनेर, नंदुरबार, नवापूरकडची माणसं याच ताप्ती लाइनने सुरतेकडे आली. कुणी उधन्याला राहिलं, कुणी लिंबायत-डिंडोलीत, तर कुणी आमच्यासारखं अलीकडेच उतरलं. ओडिशाची माणसं आली, उत्तर प्रदेश-बिहारची आली. गल्लीत मला कुणी ताई म्हणतं, कुणी बेन, कुणी दीदी. आणि या प्रत्येक मुलखाच्या घरांत थोरल्यासारखी मुलं आहेत.

थोरल्याचे कागद करता करता मी ती वाट शिकले. आधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र, मग युडीआयडी कार्ड. 40 ते 79 टक्क्यांना पिवळी पट्टी, 80 पासून पुढे निळी. त्यानंतर नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा: वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो, आणि विमा काढण्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांनाच. ज्याला फक्त ऐकू येत नाही अशा मुलाची आई तोच फॉर्म घेऊन येते, तेव्हा तिला नाही म्हणताना जीव तुटतो. रेल्वेची सवलत निराळी. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या मुलाला सेकंड आणि स्लीपरला 75 टक्के, बरोबरच्या माणसालाही तेवढीच. माहेरी अमळनेरला जाताना आम्ही तीच वापरतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि 6 ते 18 वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. हे सगळं छापलेलं आहे, नेटवर आहे. पण बारा तासांची पाळी करून आलेल्या बापाला आणि घरी साड्यांना डायमंड चिकटवत बसलेल्या आईला ते कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी झाले. संस्था नाही, पावती नाही. सोसायटीच्या मंदिराचा ओटा आणि दर रविवारची सकाळ.

या कामात सगळ्यात अवघड काय असेल, तर पासपोर्ट साइजचा फोटो. ज्याची मान धरत नाही, नजर एका जागी ठरत नाही, त्याचा सरळ समोर बघणारा, पांढऱ्या पाठीचा फोटो काढायचा कसा? स्टुडिओवाले कंटाळतात, मूल घाबरतं, आई रडकुंडीला येते. आम्ही एक रीत काढली. आई खुर्चीत बसते, अंगावर डोक्यापासून पांढरी चादर घेते, मूल मांडीवर घेते आणि चादरीआडून दोन्ही तळव्यांनी त्याची मान मागून सावरते. मी मोबाइलच्या मागे उभी राहून चमचा-वाटी वाजवते. मुलाने क्षणभर वर बघितलं की फोटो. त्या फोटोत आई नसते. असते, पण दिसत नाही. फार तर कानाच्या खाली बोटाचं एक टोक उरतं, ते नंतर कापून टाकावं लागतं, नाहीतर अर्ज परत येतो.

एवढं सगळं खरं आहे आणि उपयोगाचं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका माझ्या हेतूबद्दल आहे.

मी अमळनेरची. ज्या गावात साने गुरुजींनी प्रताप हायस्कुलात शिकवलं, त्या गावच्या मुलींच्या मनात आई नावाची एक मूर्ती फार लवकर बसते. ती स्वतःसाठी काही मागत नाही. मीही मागितलं नाही. थोरला झाल्यावर नोकरी सोडताना मला कुणी जबरदस्ती केली नव्हती; सोडली नसती तर त्याला थेरपीला कोण नेणार हा प्रश्न खराच होता. पण तो जरा मोठा झाला, विशेष शाळेत अर्धा दिवस जाऊ लागला, तेव्हा परत जाता आलं असतं. तेव्हा मी ओट्यावरचं काम वाढवलं. का? आयांची गरज होती म्हणून, हे एक. दुसरं असं की त्या ओट्यावर मला मान होता. घरी मी अपंग मुलाची आई होते. लग्नाकार्यात बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. ओट्यावर मी जाणकार होते. सुरतेच्या दवाखान्यात कोणत्या खिडकीवर आधी उभं राहायचं हे मला माहीत होतं. माझ्या शब्दावर बायका अर्धा दिवस बुडवून निघत होत्या. हा मान मला हवासा वाटायचा. त्यात काही वाईट आहे असं आज वाटत नाही. पण त्याला निव्वळ सेवा म्हणणं खोटं ठरेल. मला काहीच मिळत नव्हतं असं नाही. पैसे सोडून बरंच काही मिळत होतं.

आता दुसरी बाजू. मी पैसे घेत नव्हते म्हणजे ते काम फुकट होत होतं का? हिशेब लिहिणारीने तरी असं म्हणू नये. रक्कम एका पानावर दिसली नाही की ती दुसऱ्या कुणाच्या पानावर नावे पडलेली असते. यांनी लूमखात्यात रात्रपाळ्या ओढल्या. आता त्यांना डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही. घरात आपण मोठ्याने बोलतो हे त्यांच्या लक्षात येत नाही. सासूबाईंनी थोरल्याला आंघोळ घातली, भरवलं, आणि त्यांच्या कमरेचं दुखणं मी 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. आणि धाकटी. ती यंदा दहावीला गेली. रविवारी सकाळी मी ओट्यावर असते तेव्हा भावाजवळ कोण असतं? तीच. कुणी तिला विचारून हे ठरवलं नाही. ते आपोआप तिच्याकडे गेलं. लोक मला म्हणायचे, किती करता हो दुसऱ्यांसाठी. त्या 'किती'मधला मोठा वाटा या तिघांचा होता आणि त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. मीसुद्धा फारसं घेतलं नाही.

2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आहे की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात आणि पुरुषांची 88. घरातल्या माणसांच्या सांभाळाची मिनिटं त्याहून वेगळी मोजली आहेत, तिथेही बायकांची जवळपास दुप्पट. हे आकडे वाचून मला राग येण्याआधी धाकटी आठवली. एका घरातलं काम एका बाईच्या अंगावरून उतरलं की ते बहुतेक वेळा दुसऱ्या बाईच्याच अंगावर जातं, आणि ती दुसरी बरेचदा लहान असते. म्हणून नोकरी धरताना घरात एक गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली: थोरल्याची एकही वेळ धाकटीच्या नावावर पडता कामा नये. ती तिच्या मनाने त्याच्याजवळ बसली तर बसेल. सकाळचं सगळं यांनी करायचं, कारण आता त्यांना दिवसपाळीच आहे आणि ती नऊला सुरू होते. दुपारी शाळेतून आणायला आणि चार तास सांभाळायला गल्लीतली एक बाई येणार आहे, पगारावर. माझ्या पगारातला चांगला मोठा भाग तिला जाईल. नातलग म्हणतात, मग उरलं काय? पण तिचा पगार फक्त माझ्याच पगारातून का वजा करायचा? थोरला दोघांचा आहे, तर तो खर्चही दोघांचा आहे. हे यांना पटायला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. पटलं. सासूबाईंना तर काही पटवावंच लागलं नाही. त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "तू जाय, मी शे ना." त्यांचं 'मी शे ना' मी फार वर्षं वापरलं आहे, आता ते जपून वापरायला हवं.

गळीत हंगामात इथे ऊसतोडीला नंदुरबार, धुळे, डांगातून कुटुंबं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मजुरी टनावर. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोली भागातल्या या मजुरांबद्दल अनेक वर्षं लिहिलं आहे. पण त्यांचा पडाव बघायला पुस्तक लागत नाही, रस्त्याच्या कडेलाच दिसतो. एका हंगामात अशा पडावावर मला एक आई भेटली. तिचा मुलगा थोरल्यासारखाच, मानही न धरणारा. आठ-नऊ वर्षांची बहीण त्याला मांडीवर घेऊन बसलेली, शाळेच्या वेळेला. मी उत्साहाने प्रमाणपत्राचं सांगितलं, सुरतेला चला म्हटलं, मी येते बरोबर. तिने शांतपणे विचारलं, "मी आले तर कोयता कोण चालवेल?" एकीने खाडा केला तर दोघांची मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल डोक्यावर असते. तिचा पत्ता महाराष्ट्रातला, त्यामुळे इथल्या राज्याची मदत तिला मिळण्यासारखी नव्हती. रेल्वे सवलतीचा कागद तेवढा उपयोगी पडला असता, पण ती येते-जाते मुकादमाच्या ट्रकने.

तिच्यासमोर उभी असताना मला कळलं की मी ज्याला त्याग म्हणत होते, त्याच्या आधी एक निवड होती. मला नोकरी सोडायची सोय होती. यांचा पगार होता, भाड्याचं का होईना पक्कं घर होतं. त्या बाईला मूल सांभाळणं आणि पैसे कमावणं यांतलं एक निवडायला कुणी सांगितलंच नव्हतं. ती दोन्ही करत होती, उसाच्या पाचटात. तिला कुणी थोर म्हणत नव्हतं, आणि मजुरी घेते म्हणून तिचं आईपण कमी आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. मग माझ्याच बाबतीत पगार आला की आईपणाला बट्टा कसा लागतो? हा प्रश्न मध्यमवर्गाकडे सरकलेल्या घरांचाच असतो. खालच्या घरांत तो कधी उठत नाही, तिथे त्याला परवानगीच नाही.

बायकांच्या सांभाळाच्या कामाला सेवा म्हणून मोठं करायचं आणि पैशाची गोष्ट टाळायची, ही सवय काही फक्त घरांची नाही. अंगणवाड्या 1975 पासून चालल्या आहेत आणि त्या चालवणाऱ्या बायकांना मानधन मिळतं, पगार नाही. गुजरातमधल्याच मणिबेन मगनभाई भारिया विरुद्ध दाहोदचे जिल्हा विकास अधिकारी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 ला निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. न्यायमूर्ती होते अजय रस्तोगी आणि अभय ओक. हे काम मानद आहे, मानधन म्हणजे वेतन नव्हे, असं सरकारी बाजूचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. मी हे आमच्या अंगणवाडीच्या बेनकडून पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणाली, "आम्ही तेच काम काल करत होतो, तेच आज करतो. फक्त आता त्याला काम म्हणतात."

तिच्या बोलण्यावरून मी पुष्कळ विचार केला. नोकरीच्या अर्जात मधल्या वर्षांत काय केलं याची जागा होती. तिथे मी लिहिलं: दिव्यांग मुलांच्या पालकांना कागदपत्रं, विमा, सवलती आणि शाळाप्रवेश यांत मदत; गुजराती, हिंदी आणि मराठीत. लिहिताना हात जड झाला होता. शेठनी वाचलं आणि विचारलं, "बेन, हे सगळं ऑनलाइन भरता येतं तुम्हाला?" येतं म्हटलं. त्यांनी पुढे टॅलीचं विचारलं. एवढंच. ज्या वर्षांबद्दल मी इतकी हळवी होते, त्यांच्याकडे एका परक्या माणसाने कौशल्य म्हणून बघितलं. मला ते बरं वाटलं.

पण खरी गाठ याच्या पुढे आहे. नोकरी का, असं लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, थोरल्यासाठी. आमच्या मागे त्याचं कसं होणार, काही साठवायला नको का? हे ऐकल्यावर कुणी पुढे बोलत नाही. आणि ते खरंही आहे. पुढच्या वर्षी तो अठरा पूर्ण करील. मग नॅशनल ट्रस्टच्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे आम्हाला पालकत्वासाठी अर्ज करावा लागेल. आजवर मी इतर आयांना हे समजावलं, आता माझी पाळी. आमच्यानंतर कुणाचं नाव घालायचं, या रकान्याशी मी येऊन थांबते. तिथे न विचारता धाकटीचं नाव लिहायला माझा हात धजत नाही.

तरीही 'थोरल्यासाठी' हे पूर्ण उत्तर नाही. नोकरी सोडली ती थोरल्यासाठी. ओट्यावरचं काम धरलं तेही त्याच्यासारख्यांसाठी. आणि आता नोकरी धरते तीही थोरल्यासाठी. म्हणजे सतरा वर्षं माझी प्रत्येक इच्छा मी त्याच्या नावावर लिहिली. तो बोलू शकत नाही, त्यामुळे त्याने कधी हरकत घेतली नाही. मला काम करायचं आहे. आकडे जुळले की मला आनंद होतो, तो मला परत हवा आहे. महिनाअखेरीस माझ्या खात्यात माझ्या नावाने पैसे यावेत आणि त्यातले थोडे कुणाला न विचारता खर्च करता यावेत, असं मला वाटतं. सकाळी घराबाहेर पडावं, दिवसातले काही तास त्याच्या खोकल्याकडे कान लावून बसू नये, असंही वाटतं. हे शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण ते त्याच्यावरच्या मायेच्या आड येत नाही. तो माझा आहे, म्हणून माझं सगळं त्याचं कारण झालं पाहिजे असं नाही. त्याच्यावर एवढं ओझं टाकणं हेही त्याच्यावर अन्यायाचंच आहे.

हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापिकेला मुलाच्या आजारपणात रजा पुरेना. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. 22 एप्रिल 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्या पीठाने म्हटलं की बायकांनी नोकरीत असणं ही मेहेरबानी नाही, ती राज्यघटनेची अपेक्षा आहे, आणि राज्य सरकारने दिव्यांग मुलांच्या आयांच्या बालसंगोपन रजेचा विचार करावा. केंद्राच्या नोकरीत ही रजा 730 दिवसांपर्यंत मिळते, दिव्यांग मुलासाठी वयाची अटही नाही. माझ्या मिलमध्ये यातलं काही नाही. मी शेठकडे महिन्यातला एक दिवस थेरपीसाठी मागून घेतला आहे, बिनपगारी. सरकारी बाईला जे हक्काने मिळतं ते मला मागून मिळालं, आणि कोयतेवालीला मागूनही मिळणार नाही. हे मला सलतं, आणि माझ्या नोकरीने ते सुटणार नाही हेही माहीत आहे.

राहिला दुसरा प्रश्न, 'आमचं कोण बघणार'. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत कुलाब्याला तीन मुलांपासून केंद्र सुरू केलं, त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. मेरी बरुआ यांनी 1991 मध्ये दिल्लीत ऑटिझमसाठी काम उभारलं, त्यांच्या मुलाच्या निमित्ताने. दोघींनी रीतसर शिक्षण घेतलं, माणसं तयार केली, पगारावर नेमली. म्हणून ते काम त्यांच्या एकटीच्या पिशवीत राहिलं नाही. माझी कुवत तेवढी नाही, पण एवढं मला दिसतं की आठ-दहा वर्षं सगळं माझ्या डोक्यात आणि माझ्या पिशवीत राहिलं, याचं एक कारण ते तिथेच राहावं असं मला कुठेतरी वाटत होतं.

आता सगळं वहीत उतरवून दिलं आहे: कोणता कागद आधी, कोणती झेरॉक्स किती, कुठे अर्ज अडतो, फोटोची रीत. ओडिया आणि हिंदी बोलणाऱ्या आयांसाठी एकेक प्रत त्यांच्यातल्याच शिकलेल्या मुलींनी लिहून काढली. रविवारी पुढे बसायला एक तयार झाली आहे; तिची मुलगी ऑटिस्टिक आहे, नवरा सुटा मजूर आहे, आणि ती रविवारीसुद्धा लेसपट्टी कापते. रविवारची सकाळ इकडे दिली की तिची तेवढी मजुरी जाते. मी आजवर पैसे घेतले नाहीत, म्हणून तिनेही घेऊ नयेत असं सगळ्या धरून चालल्या आहेत. माझा पायंडा तिच्या पोटावर येणार असेल तर तो मोडणं माझं काम आहे. प्रत्येक घरामागे महिन्याला थोडी वर्गणी आणि तिला ठरलेली रक्कम, असं मी सुचवणार आहे. दोघी-तिघी नाराज होतील. एकजण म्हणेलच की ताईंनी कधी मागितले नाहीत. तेव्हा माझा खर्च कुणी उचलला, हे मला त्यांना यांच्या आणि सासूबाईंच्या देखत सांगावं लागेल. येत्या रविवारी हा विषय मीच काढते आहे.